सूप थांबेपर्यंत

सौंसरच्या सुशीलाबाई नाकावर माशी बसू देत नाहीत, आणि नेमक्या त्यांनाच सगळी गल्ली माशी म्हणते. नव्याने राहायला आलेलं माणूस हे ऐकून दचकतं. एवढ्या तिखट बाईला लोक तोंडावर असं म्हणतात कसे आणि ती वर 'ओ' देते कशी, हे त्याला उमगत नाही. मग कोणीतरी त्याला चहा पाजतं आणि काकलीची गोष्ट सांगतं.

काकली सान्याल ही बंगालमधल्या कृष्णनगरची. नवऱ्याला इथून जवळच्या बोरगावच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम मिळालं, म्हणून पंधरा-सतरा वर्षांपूर्वी ती सौंसरला आली आणि सुशीलाबाईंच्या शेजारच्या घरात भाड्याने राहू लागली. ती गोष्टी लिहिते हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. लोकांना दिसलं ते एवढंच, की बाईला मराठी येत नाही, हिंदी येते तीही ठेचकाळत, आणि नवरा कामावर गेला की ती खिडकीशी उभी राहून रस्त्याकडे पाहत राहते.

संत्र्याचा हंगाम होता. नाक्यावर कोणीतरी नासकी संत्री ओतून गेलं होतं आणि गल्लीभर माश्या घोंघावत होत्या. सुशीलाबाई ओट्यावर बसून डाळ पाखडत होत्या. शाळेतल्या पोरांचं दुपारचं जेवण रांधायचं काम बायकांच्या समूहाकडे असतं, आणि त्या समूहात सुशीलाबाईंचा शब्द शेवटचा. उद्याची डाळ आज घरी आणून निवडायची हा त्यांचा नेम. पोरांच्या दाताखाली खडा आला तर तो आपल्याच दाताखाली आला, असं त्या मानायच्या. एका हाताने सूप धरून दुसऱ्याने माश्या हाकलता हाकलता त्या आधीच वैतागल्या होत्या, तेवढ्यात शेजारची नवी बाई रिकामी वाटी घेऊन समोर उभी राहिली आणि गोड आवाजात म्हणाली, "माशी, थोडा नमक मिलेगा?"

"माशी कोनाले म्हन्ते वं?" सुशीलाबाई सुपासकट उठल्या. "तुया ताटावर बसली होती का मी?"

काकलीला शब्द कळले नाहीत, सूर कळला. ती वाटी घेऊन मुकाट परत गेली. संध्याकाळी सान्याल साहेब हात जोडून ओट्याशी आले. कारखान्यातल्या लोकांत राहून त्यांना थोडंफार मराठी समजू लागलं होतं, त्यामुळे घोटाळा कुठे झाला हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. त्यांनी सांगितलं की बंगालीत माशी म्हणजे मावशी, आईची बहीण. काकलीला तिच्या मावशीनेच लहानाची मोठी केली होती, ती मावशी वारल्याला फार दिवस झाले नव्हते, आणि म्हणून परक्या गावात तिच्या तोंडून पहिल्यांदा तोच शब्द निघाला.

सुशीलाबाईंना फार वाईट वाटलं. पण चूक झाली असं तोंडाने म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी वाटीभर मीठ घेतलं, त्यावर ठेच्याचा गोळा ठेवला आणि स्वतः शेजारी नेऊन दिला. म्हणत जा माशी, असं त्यांनी काकलीला खुणेने आणि हिंदीने मिळून सांगितलं, फक्त बाहेरच्यांपुढे नको. बाहेरच्यांना अर्थातच दुसऱ्या दिवशी कळलं, आणि सुशीलाबाईंचं नाव कायमचं माशी पडलं.

मग काकली रोज दुपारी ओट्यावर येऊन बसू लागली. नुसतं बसायचं नाही, हा ओट्याचा कायदा होता. तिच्यापुढेही ताटात डाळ यायची. डाळ निवडता निवडता ती काहीबाही सांगायची, पूर्वी आपण गोष्टी लिहायचो हेही. एकदा तिने मोडक्या हिंदीत एका नावाड्याची गोष्ट सांगितली. हा नावाडी रोज लोकांना नदीपार नेतो आणि स्वतः मात्र पलीकडच्या गावात कधी पाऊल टाकत नाही, कारण तिथे त्याची दिलेली लेक नांदते आणि तिच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही असं त्याने ठरवलेलं असतं. सुशीलाबाई दोन झटके पाखडायच्या, मग बोटांनी खडे वेचायच्या, मग पुन्हा पाखडायच्या. लेक नदीकाठी येऊन 'बाबा, पाणी तरी प्या' म्हणते तिथे सूप थांबलं. बोटंही थांबली. सुशीलाबाई समोरच्या भिंतीकडे पाहत राहिल्या आणि डाळीवर चिमणी येऊन बसली तरी त्यांना कळलं नाही.

काकलीने ते पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कृष्णनगरला तिची मावशी विळीवर मासळी चिरायला बसायची आणि काकली तिला रचलेल्या गोष्टी ऐकवायची. विळी थांबली की गोष्ट जमली. त्या विळीच्या भरवशावर तिने एक छोटं पुस्तक लिहिलं होतं, तिकडे त्याचं थोडं कौतुकही झालं होतं. मग मावशी गेली आणि काकलीचं लिहिणं बसलं ते बसलंच. कागदापुढे बसलं की भिंतीपुढे बसल्यासारखं व्हायचं. आज पहिल्यांदा कोणीतरी पुन्हा थांबलं होतं.

"हं," सुशीलाबाई भानावर येत म्हणाल्या. "आता लिही."

आपण सूप वाजलं म्हणतो तेव्हा कार्य आटोपलेलं असतं. काकलीचं उलटं होतं. सूप वाजत राहिलं तर प्रकरण फसलं, थांबलं तर साधलं. सकाळी ती बंगालीत लिहायची आणि दुपारी तेच ओट्यावर सांगायची. आधी हिंदीत, मग हळूहळू सुशीलाबाईंच्याच बोलीत. तिचं मराठी ओट्यावरचं असल्यामुळे पुस्तकी मराठीतलं एकही वाक्य तिला कधी धड आलं नाही. पण 'मी लिहून राहिली' असं ती इतकं सहज म्हणायची, की फोनवर तिची बहीण तक्रार करायची, तुझ्या बंगालीतही आता कोणीतरी राहून राहिलंय म्हणून.

सुशीलाबाईंना लिहिण्यातलं काही कळतं असा त्यांचा दावा नव्हता. शाळा त्यांची पाचवीत सुटली होती. पण कंटाळा आला तर तो त्या लपवायच्या नाहीत. एका कादंबरीत एक माणूस पन्नास पानं नुसता गॅलरीत बसून विचार करत होता. सुशीलाबाईंनी तीन दुपारी सोसलं आणि मग विचारलं, "हा मानूस जेवते केव्हा?" काकलीने त्याला जेवायला बसवलं, वाढायला त्याची मोठी बहीण आणली, आणि त्या जेवणातून पुढची सगळी कादंबरी निघाली. दुसऱ्या एका पुस्तकात एका विणकराची बायको बाळंतपणात मरणार होती. सुशीलाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि सांगितलं, ही मेली तर उद्यापासून मी ऐकणार नाही. बाई वाचली. काकली हसून सांगायची, की कलकत्त्याच्या एका समीक्षकाने लिहिलंय, हिच्या कादंबऱ्यांत माणसं वेळेवर जेवतात आणि सहजासहजी मरत नाहीत. सुशीलाबाईंना यात कौतुक कशाचं, हेच कळलं नाही.

अशी चार पुस्तकं झाली. प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला एका कोऱ्या पानावर बंगालीत एकच शब्द छापलेला असायचा, माशीला म्हणून. सुशीलाबाईंना बंगाली वाचता येत नव्हतं, पण त्या शब्दाचा आकार त्यांच्या ओळखीचा झाला होता. घरात भिंतीवरच्या फळीवर बुद्धाची मूर्ती होती, तिच्या शेजारी ती चारही पुस्तकं फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची. मुलगी करुणा पांढुर्ण्याला नर्स आहे, ती आली की म्हणायची, आई, तुला एक अक्षर कळत नाही आणि तू त्यांची धूळ झटकतेस. सुशीलाबाई म्हणायच्या, कळत कसं नाही, सगळं तोंडपाठ आहे.

खरं म्हणजे त्यांना काकलीचे उपकार वाटायचे, आणि ते कसे सांगावे हे कळायचं नाही. जन्मभर सगळ्यांनी त्यांना काम सांगितलं होतं. हे उचल, ते ठेव, हे रांध. आता पुढे काय व्हावं असं तुला वाटतं, हे त्यांना काकलीच्या आधी कोणीही विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी सान्याल साहेब निवृत्त झाले आणि कृष्णनगरला परत जायचं ठरलं. त्याच वेळी काकलीची पाचवी कादंबरी शेवटाला आली होती. तिकडे दुर्गापूजेला आपल्या दिवाळी अंकांसारखे जाडजूड अंक निघतात, त्यांतल्या एकात ती छापून यायची होती आणि संपादक वाट पाहत होते. नीरजा नावाच्या एका बाईची ती गोष्ट. नवरा मारतो, बाई सोसते, आणि शेवटी एका पहाटे लेकराला घेऊन घर सोडते. आधीच्या सगळ्या प्रकरणांना सूप थांबलं होतं. मारहाणीच्या प्रकरणाला तर सुशीलाबाई उठून आत गेल्या होत्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या होत्या. पण शेवट काही केल्या बसेना.

काकलीने तो चार तऱ्हांनी सांगितला. नीरजा घराच्या किल्ल्या तळ्यात फेकते. नीरजा उंबऱ्यावर उभी राहून सासूला खडे बोल सुनावते. नीरजा एकदाही मागे वळून पाहत नाही. नीरजा स्वच्छ आवाजात 'मी चालले' म्हणते आणि सूर्य उगवतो. सूप आपलं फट फट वाजत राहिलं. सूर्य उगवला तेव्हा तर सुशीलाबाईंनी तोंडातल्या तोंडात जांभईही दिली. कादंबरी अडली आहे हे गल्लीत पसरलं आणि लोकांना आयती गंमत मिळाली. कुठे अडलं म्हणून कोणी विचारलं, की कोपऱ्यावरचा किराणावाला सांगायचा, माशी शिंकली असन.

काकली हसायची नाही. सामान बांधायला घेतलं होतं आणि ट्रक ठरला होता. एका दुपारी डाळीवरची नजर न उचलता ती म्हणाली, की इथून गेल्यावर आपल्याकडून हे पुस्तक पुरं होणार नाही, आणि हे झालं नाही तर पुढचंही होईल असं वाटत नाही. एक मावशी गेली तेव्हा काय झालं होतं ते तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी काकलीने शेवट पाचव्यांदा सांगितला. तोही तसाच होता, फक्त यात पाऊस होता. आणि नीरजा अंगणात उतरली तेव्हा सुशीलाबाईंनी सूप थांबवलं. मांडीवर ठेवलं. काकलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हं. आता लिही."

काकलीने हातातली डाळ ताटात सोडली.

"खरं थांबता तेव्हा तुमी माझ्याकडे नाही पाहत, माशी," ती म्हणाली, आणि उठून घरात गेली.

त्यानंतरच्या दुपारी ओट्यावर कोणी आलं नाही. सुशीलाबाई एकट्याच डाळ घेऊन बसल्या, पण हात चालेना. माया वाटली म्हणून आपण खडा डाळीतच राहू दिला, हे त्यांना स्वतःलाच सहन होईना. शेवटी त्यांनी डाळीचा डबा उचलला, सूप काखेत मारलं आणि शेजारी गेल्या. घरभर खोकी होती. बसायला जागा नव्हती, तर त्या दोन खोक्यांच्या मध्ये जमिनीवर बसल्या आणि काकलीला समोर बसवलं. आजवर काकलीने सांगितलं आणि सुशीलाबाईंनी ऐकलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा सूप काकलीच्या हातात गेलं.

सुशीलाबाईंचं लग्न लोधीखेड्याला झालं होतं. नवरा गुलाब, कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरी करायचा. चांगल्या दिवशी चांगला होता, पण चांगले दिवस कमी कमी होत गेले. दारू वाढली तसा हातही उठायला लागला. करुणा रांगत होती तेव्हा एका सकाळी सुशीलाबाईंनी पिशवीत दोन लुगडी कोंबली, पोरीला कडेवर घेतलं आणि निघाल्या. गुलाब आत झोपलेला होता. दारात सासू बसली होती, भागरताबाई. ती डाळ पाखडत होती.

यातलं काकलीला आजवर काही माहीत नव्हतं. करुणाचा बाप नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. तिच्या हातातलं सूप हळू झालं.

म्हातारी आता आरडाओरडा करणार, लेकाला उठवणार, अशी सुशीलाबाईंना भीती वाटली. पण म्हातारीने नुसती पिशवी पाहिली, नातीला पाहिलं, सुनेच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. जाते मी आत्याबाई, असं सुशीलाबाई कशाबशा म्हणाल्या.

"तं ते म्हने," सुशीलाबाई सांगत होत्या, "जाते नोको म्हनू वं बाई. येते म्हन. मी म्हनली, मी नाई येत आता वापस. ते म्हने, नोको येऊ. पन येते म्हन. जाते म्हनशीन तं दार बंद होते. माह्या पोराचं दार बंद झालं तं होऊ दे. माहं नोको करू."

सुशीलाबाईंनी येते म्हटलं. म्हातारीने डोक्यावरचा पदर सारखा केला, उठून दोन भाकरी फडक्यात बांधून दिल्या आणि सून रस्त्याला लागेपर्यंत दारात आडवी बसून राहिली, आतून कोणी बाहेर पडू नये म्हणून. पुढे सौंसरला भाऊ होता, त्याच्या आधाराने सुशीलाबाई राहिल्या. संत्री निवडायला गेल्या, कापूस वेचायला गेल्या, मग शाळेत रांधायला लागल्या. काही वर्षांनी गुलाब दारूपायी गेला. मयतीला त्या गेल्या नाहीत. पण महिना उलटल्यावर लोधीखेड्याची बस धरली आणि त्याच दारात जाऊन उभ्या राहिल्या. म्हातारीला कमी दिसू लागलं होतं. तिने आवाज ओळखला आणि फक्त म्हणाली, म्हनली होती ना तू, येते. सुशीलाबाई तिला घेऊन आल्या. शेवटची सात-आठ वर्षं ती सौंसरलाच राहिली. आज सुशीलाबाई ज्या ओट्यावर बसतात, तिथे आधी ती बसायची. डाळीतला खडा बोटाने कसा ओळखायचा, हे आंधळेपणात तिनेच सुनेला शिकवलं होतं.

"तुयी नीरजा किल्ल्या फेकते, सासूले बोलते," सुशीलाबाई म्हणाल्या. "कोनी फेकत असन. मी नाई फेकल्या. मले कोनीतरी जाऊ देल्लं, मनून मी जगली."

समोर काकली बसली होती. सूप तिच्या मांडीवर होतं, कधी थांबलं ते दोघींनाही कळलं नव्हतं. ती खोक्यांपलीकडच्या भिंतीकडे पाहत होती. मग तिने विचारलं, की हे मी घेऊ का.

"घे," सुशीलाबाई म्हणाल्या. "पन खडे काढून घे."

ट्रक आला त्या दिवशी गल्ली गोळा झाली होती. कोणी संत्र्यांची पिशवी आणली, कोणी मुरमुऱ्यांचा चिवडा. किराणावाल्याने आपणहून दोऱ्या बांधायला मदत केली. शेवट लिहिला की नाही हे काकलीने सांगितलं नाही आणि सुशीलाबाईंनी विचारलं नाही. निघताना काकलीने वाकून त्यांच्या पायांना हात लावला, उभी राहिली आणि म्हणाली, "आशी, माशी."

सुशीलाबाईंना वाटलं पोरीची रडून बोबडी वळली. पण काकली हसत होती. बंगालीतही निघताना जाते म्हणत नाहीत, तिने सांगितलं. आशी म्हणतात. आशी म्हणजे येते. लहानपणापासून रोज म्हणत आलेला शब्द, आणि नीरजाला तो द्यायचं तिला सुचलंच नव्हतं, शूर बाई हवी होती म्हणून. मग ती गाडीत बसली. गाडी वळेपर्यंत सुशीलाबाई उभ्या होत्या, आणि नंतर घरात जाऊन त्यांनी डाळ काढली, कारण दुसऱ्या दिवशी शाळा होती.

उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, पोळाही होऊन गेला. काकलीचे फोन यायचे, पण पुस्तकाचं नाव ती काढत नव्हती. सुशीलाबाईंना रुखरुख लागून राहिली होती. आपण तिचा शेवट चारदा नाकारला, एकदा खोटा होकार दिला आणि वर आपलं जुनं गाठोडं तिच्या पुढ्यात सोडलं. ते तिला जड तर झालं नसेल ना? आपल्यापायी एका लिहित्या बाईचं लिहिणं बंद पडलं, तर ते कसं फेडायचं?

एका रविवारी करुणा पांढुर्ण्याहून आली होती. सुशीलाबाई ओट्यावर पाखडत बसल्या होत्या. फोन वाजला. करुणाने तो स्पीकरवर टाकून ओट्याच्या कडेवर ठेवला. काकली म्हणाली, की पूजेचा अंक आज हातात आला आहे आणि ती शेवटचं पान वाचणार आहे. मराठीत सांगणार नाही, जसं छापलंय तसंच वाचेन, तुम्ही पाखडत राहा.

ती वाचू लागली. सुशीलाबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं. नीरजाचं नाव मधूनच यायचं. एकदा डाल असं ऐकू आलं, ते त्यांना कळलं. आवाज ओळखीचा होता, पण तिच्या गावचं पाणी प्यायल्यामुळे तो जास्त मोकळा झाला होता. त्या दोन झटके पाखडत होत्या, खडे वेचत होत्या, पुन्हा पाखडत होत्या. करुणा आईच्या तोंडाकडे पाहत होती. वाचन हळू झालं. एका म्हाताऱ्या बाईचं बोलणं असावं असा सूर लागला. मग थोडं थांबून एका तरुण बाईच्या आवाजात काकलीने एकच शब्द वाचला, "आशी."

सूप थांबलं.

सुशीलाबाई समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या. लोधीखेडं आणि सौंसर सोडून नागपूरसुद्धा धड न पाहिलेली भागरताबाई बंगालच्या एका दारात डाळ पाखडत बसली होती, आणि तिचं दार उघडं होतं. तिच्या उपकाराबद्दल आजवर काकलीखेरीज कोणापाशी बोलता आलं नव्हतं. आता ते छापून आलं होतं, हजारो लोक वाचणार होते. सुशीलाबाईंच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. डाळीवर चिमणी येऊन बसली. करुणा तिला हाकलायला उठली आणि पुन्हा खाली बसली.

कृष्णनगरला बसून काकली ऐकत होती, की सौंसरच्या ओट्यावर आता काहीच वाजत नाही.

"हं," सुशीलाबाई म्हणाल्या. "आता ये."